कॉलम ब्रेक टाकला की पॅराच्या शेडिंगचा पट्टा खाली लोंबतो, काय करू?

कोरा_कागद

मंडळी, दोन दिवस डोकं फिरलंय. चार पानांचं वार्तापत्र करतोय, वर्डमध्ये, दोन कॉलम. मधे मधे सूचनांचे पॅरे आहेत त्यांना फिकट करडं शेडिंग दिलंय. आता गंमत अशी की एक सूचना दुसऱ्या कॉलमच्या माथ्यापासून सुरू व्हायला हवी म्हणून तिच्या आधी कर्सर ठेवून कॉलम ब्रेक टाकला, सूचना गेली बरोबर वर, पण पहिल्या कॉलमच्या तळाशी एक रिकामा करडा पट्टा राहिला, एका ओळीएवढा, कॉलमच्या पूर्ण रुंदीचा. त्यात अक्षर नाही काही नाही. तो सिलेक्ट करून शेडिंग काढायला गेलो तर पलीकडच्या कॉलममधल्या सूचनेचंच शेडिंग उडालं! अनडू केलं, परत केलं, परत तेच. डिलीट दाबलं तर सूचना खाली परत येते. पान २ वर हा प्रकार दोनदा आहे आणि पान ३ वर उलटंच झालंय, तिथे पट्टा पुढच्या कॉलमच्या वरच्या बाजूला आलाय. शेवटी पांढरा चौकोन काढून त्यावर झाकण ठेवलं, पण मजकूर हलला की झाकण एकीकडे आणि पट्टा दुसरीकडे.

उगाचच

झाकण ठेवायची आयडिया आवडली. आमच्याकडे निम्मे रिपोर्ट असल्या झाकणांवरच उभे आहेत.

खिळेजुळारी

कोरा_कागद, आधी एक करा. कंट्रोल+शिफ्ट+८ दाबा, म्हणजे होम टॅबवरचं ते उलट्या पीसारखं चिन्ह चालू होईल. मग त्या पट्ट्यात काय दिसतं ते सांगा. न बघता औषध द्यायला नको.

कोरा_कागद

दाबलं. पट्ट्यात ठिपक्यांची रेघ आहे आणि तिच्या मधोमध 'कॉलम ब्रेक' असं लिहिलेलं दिसतंय. पण उलटा पी मात्र त्या ओळीत नाही, तो थेट पुढच्या कॉलममध्ये सूचनेच्या शेवटी आहे.

खिळेजुळारी

मग सापडलं. उलटा पी म्हणजे पॅरा संपल्याची खूण, आणि ती त्या ओळीत नाही हेच सगळ्याचं मूळ आहे.

वर्डमध्ये कॉलम ब्रेक हे एक अक्षर आहे, म्हणजे 'क' जसा पॅरात बसतो तसाच तो पॅरात बसतो. दोन पॅरांच्या मधल्या मोकळ्या जागेत बसत नाही, कारण वर्डच्या लेखी तशी जागाच नसते. एक पॅरा संपला की लगेच पुढचा सुरू. तुम्ही कर्सर सूचनेच्या पहिल्या अक्षराआधी ठेवलात, ब्रेक टाकलात, म्हणजे तो सूचनेच्या पॅराचं पहिलं अक्षर झाला. आता ह्या पॅराची पहिली ओळ कुठली? तर पहिल्या कॉलमच्या तळाशी असलेली, जिच्यात फक्त ब्रेक आहे ती. आणि पॅराचं शेडिंग ओळीत किती अक्षरं आहेत ते बघत नाही, डाव्या इंडेंटपासून उजव्या इंडेंटपर्यंत सरसकट रंगवतं. म्हणून ब्रेकची एकटी ओळही पूर्ण रुंदीची रंगली.

तुम्ही पट्ट्याचं शेडिंग काढलंत तेव्हा सूचनेचं गेलं ते त्यामुळेच, दोन्ही एकच पॅरा आहे. एका बाहीचा रंग काढायला सदरा भिजवला तर सगळाच निघणार.

पान ३ वर काय झालंय तेही न बघता सांगतो. तिथे ब्रेक शेडिंगवाल्या पॅराच्या शेवटी, पूर्णविरामानंतर टाकलेला असणार. ब्रेकनंतर त्या पॅराचं काय उरलं? नुसता उलटा पी. तो पुढच्या कॉलमच्या माथ्यावर जाऊन बसला आणि जाताना करडा रंग घेऊन गेला.

थोडक्यात पट्टा तळाशी असेल तर ब्रेक पुढच्या पॅराच्या डोक्यात आहे आणि पट्टा माथ्यावर असेल तर ब्रेक मागच्या पॅराच्या शेपटीत आहे.

कोरा_कागद

अगदी बरोबर, पान ३ वर पूर्णविरामानंतरच आहे! काय राव, फाइल न बघता.

टंकाळा

खिळेजुळारी काकांनी समजावलंय छान, आता उपाय मी सांगते. पान ३ चं सोपं आहे. तिथला ब्रेक कट करा आणि पुढच्या पॅराच्या, म्हणजे साध्या बिनरंगाच्या पॅराच्या सुरुवातीला पेस्ट करा. आता ब्रेकची ओळ साध्या पॅराची झाली, ती तळाशी असेल पण पांढरी, कोणाला दिसणार नाही.

पान २ चं जरा किचकट आहे कारण तिथे पुढचा पॅरा रंगीत आहे. तिथे ब्रेकला त्याचा स्वतःचा पॅरा द्या. ब्रेकच्या लगेच नंतर कर्सर ठेवा, एंटर मारा, मग ब्रेकच्या ओळीत कर्सर नेऊन शेडिंग काढा, नो कलर. आता काढल्यावर सूचनेला धक्का लागणार नाही कारण पॅरे वेगळे झाले.

कोरा_कागद

टंकाळाताई, पान ३ झालं, एका मिनिटात! पान २ वर पट्टा गेला पण आता दुसऱ्या कॉलमच्या माथ्यावर एक रिकामी ओळ आलीय. पांढरी आहे, पण त्यामुळे सूचना शेजारच्या कॉलमपेक्षा खाली सरकलीय, दोन कॉलमचे माथे जुळत नाहीत. आगीतून फुफाट्यात.

टंकाळा

हो, ते सांगायचं राहिलं माझं, चूक कबूल. तुमच्या नवीन पॅरात ब्रेक आणि त्यामागे उलटा पी आहे. ब्रेक खाली राहतो, उलटा पी ब्रेकच्या पलीकडे म्हणजे वर जातो. तो आता बिनरंगाचा आहे, पण जागा खातोच.

त्याला बारीक करून टाकायचं. त्या पॅरात कर्सर ठेवून पॅराग्राफचा डायलॉग उघडा, स्पेस बिफोर शून्य, स्पेस आफ्टर शून्य, लाइन स्पेसिंग 'एक्झॅक्टली' आणि समोर १ पॉइंट. एक पॉइंट म्हणजे इंचाचा ७२ वा भाग, साधारण ०.३५ मिलिमीटर, तो कागदावर कोणाच्या बापाला कळत नाही. नुसता फॉन्ट साइज कमी करत बसू नका, देवनागरीला फॉन्टचा आकडा वेगळा धरला जातो आणि मग माणूस गोंधळतो. एक्झॅक्टली दिलं की फॉन्ट कितीचाही असो, ओळ तेवढीच.

आणि हे दर वेळी हाताने करू नका. ह्या पॅराची एक स्टाइल बनवा, नाव काहीही द्या, मी 'ब्रेकची ओळ' दिलंय. पुढच्या अंकाला नुसती स्टाइल लावायची.

समास

मला हे १ पॉइंटवाले उपाय बघवत नाहीत, स्पष्ट बोलतो. उद्या दुसरं कोणी ती फाइल उघडेल, त्या अदृश्य ओळीत कर्सर अडकेल, तिथे चार ओळी टाइप करेल आणि म्हणेल अक्षरं कुठे गेली. (झालंय असं. आमच्या ऑफिसात एकाने अख्खा परिच्छेद १ पॉइंटच्या ओळीत टाइप केला होता, त्याला वाटलं कीबोर्ड गेला.)

मुळात प्रश्न असा की ब्रेक टाकलाच कशाला? कोरा_कागद, सूचना मधे तुटत होती म्हणून टाकलात की तिथूनच नवा कॉलम हवा होता म्हणून?

कोरा_कागद

पान २ वर पहिली सूचना मधे तुटत होती, शीर्षक खाली आणि मजकूर वर. दुसरी... खरं सांगायचं तर शेवटच्या भागात दोन कॉलम सारख्या उंचीचे दिसावेत म्हणून टाकला होता.

समास

बघा, म्हणजे दोन्ही ठिकाणी ब्रेकची गरजच नाही.

पहिल्या सूचनेला: सूचनेचे सगळे पॅरे सिलेक्ट करा, पॅराग्राफच्या डायलॉगमध्ये 'लाइन अँड पेज ब्रेक्स' टॅब, तिथे 'कीप लाइन्स टुगेदर' ला टिक. मग शेवटचा पॅरा सोडून बाकीच्यांना 'कीप विथ नेक्स्ट' ला पण टिक. नाव पेज ब्रेक्स असलं तरी हे कॉलमलाही लागू होतं. आता सूचना मावली तर इकडे, नाही मावली तर अख्खी उचलून पलीकडे. वर चार ओळी वाढल्या कमी झाल्या तरी आपोआप जुळवून घेईल, ब्रेक मात्र तिथेच खुंटा ठोकून बसलेला असतो. फक्त 'पेज ब्रेक बिफोर' ला चुकून टिक करू नका, तो कॉलम नाही, पानच बदलतो.

दुसऱ्याला: कॉलमचा मजकूर जिथे संपतो तिथे कंटिन्युअस सेक्शन ब्रेक टाका, म्हणजे पान न बदलता तिथून नवा विभाग सुरू होतो. वर्ड त्याच्या आधीचे कॉलम आपणहून समतोल करतं. ब्रेक टाकून उंची जुळवणं म्हणजे टेबलाचा पाय लहान म्हणून बाकीचे तीन कापत बसणं.

टंकाळा

समास, तुमचं म्हणणं तत्त्वतः मान्य, पण कीप विथ नेक्स्ट तेव्हाच चालतं जेव्हा मजकूर मावत नसतो. खाली अर्धा कॉलम मोकळा आहे आणि तरी मला सूचना नव्या कॉलमपासूनच हवीय, तेव्हा काय? तेव्हा ब्रेकच लागतो. आणि मग माझी १ पॉइंटची ओळ.

समास

तेव्हा सुद्धा एक रस्ता आहे. सूचनेच्या आधी कंटिन्युअस सेक्शन ब्रेक टाका, कर्सर सूचनेत ठेवा, पेज सेटअपचा डायलॉग उघडा, लेआउट टॅबमध्ये 'सेक्शन स्टार्ट' असं असतं, तिथे 'न्यू कॉलम' निवडा. सेक्शन ब्रेक मागच्या बाजूला राहतो, सूचनेच्या पॅरात काही घुसत नाही, पट्टा नाही, माथ्यावर रिकामी ओळ नाही. दोन्ही सेक्शनला कॉलमची संख्या आणि रुंदी सारखी ठेवा म्हणजे झालं.

खिळेजुळारी

चालतं, वापरलंय. पण चार पानांच्या फाइलीत सात सेक्शन झाले की हेडर-फूटर आणि पानांचे क्रमांक यांची जी भानगड होते ती निस्तरायला दुसरा धागा काढावा लागतो. एखाद्या ठिकाणी ठीक. दर सूचनेला सेक्शन म्हणजे माशी मारायला तोफ. मी तरी टंकाळाच्या बाजूने, फक्त स्टाइल करून ठेवा हे तिचं म्हणणं विसरू नका.

अर्धविराम

धाग्यात घुसतोय, माफी. माझा प्रश्न जवळचाच आहे. तीन पॅरे सलग आहेत, तिघांना एकच शेडिंग, पण पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधे पांढरी फट दिसते, दुसऱ्या-तिसऱ्यात नाही. स्पेस आफ्टर तिघांना सारखी. हे काय?

खिळेजुळारी

पहिल्याचा इंडेंट वेगळा असणार, किंवा एकाला बॉर्डर आहे आणि दुसऱ्याला नाही. शेजारचे दोन पॅरे रंग, इंडेंट, बॉर्डर सगळ्यात जुळले तरच वर्ड त्यांना एक गठ्ठा समजतं आणि मधली जागा रंगवतं. एक मिलिमीटरचा फरक असला तरी गठ्ठा मोडला. शिफ्ट+एफ१ दाबा, बाजूला फॉरमॅटिंगची पट्टी उघडेल, एकेका पॅरात कर्सर ठेवून आकडे ताडून बघा.

अर्धविराम

पहिल्याला बुलेट होता! काढला तेव्हा बुलेट गेला पण इंडेंट राहिला होता. कंट्रोल+क्यू मारून सगळं मूळ स्टाइलवर आणलं आणि परत शेडिंग दिलं, फट गेली. धन्यवाद काका. अजून एक, पीडीएफ केल्यावर केसाएवढी पांढरी रेघ दिसतेय मधे.

खिळेजुळारी

झूम बदलून बघा. झूमबरोबर रेघ येत-जात असेल तर ती दाखवणाऱ्या प्रोग्रॅमची करामत आहे, दोन रंगीत तुकड्यांच्या कडा स्क्रीनच्या ठिपक्यांवर नीट बसत नाहीत म्हणून दिसते. एक पान छापून खात्री करा आणि सोडून द्या.

मुक्तस्रोत

इतकं सगळं वाचून एक सांगावंसं वाटतं, रागावू नका. लिबरऑफिस रायटर या वर्डसारख्याच मुक्त प्रोग्रॅममध्ये हा पट्टा येतच नाही. तिथे कॉलम ब्रेक हे अक्षर नसून पॅराचा गुण आहे. शॉर्टकट वर्डचाच, कंट्रोल+शिफ्ट+एंटर, पण दाबल्यावर कर्सरच्या पुढचा मजकूर वेगळा पॅरा होतो आणि 'माझ्या आधी कॉलम बदला' अशी खूण त्या पॅराच्या अंगाला लागते. पॅराग्राफच्या डायलॉगमध्ये टेक्स्ट फ्लो टॅबला ब्रेक्स म्हणून भाग आहे, तिथे ती दिसते, काढायची तर तिथली टिक काढा. मागे ओळ उरत नाही म्हणून पट्टाही नाही. कॉलम समतोल करायचे तर सेक्शनच्या कॉलम टॅबवर त्यासाठी वेगळी टिक आहे, ब्रेकची भानगडच नको.

उगाचच

आला! मला वाटलंच होतं विसाव्या प्रतिसादाच्या आत कोणीतरी रायटर घेऊन येणार.

मुक्तस्रोत

आलो तर आलो. तिथेही सगळं गोड नाही, प्रामाणिकपणे सांगतो. दोन्ही फॉरमॅटची समजच वेगळी आहे, वर्डच्या डॉकएक्समध्ये ब्रेक मजकुराच्या आत लिहिलेला असतो आणि रायटरच्या ओडीटीत पॅराच्या स्टाइलमध्ये. त्यामुळे फाइल इकडची तिकडे केली की जिथे जिथे ब्रेक आहे ती जागा डोळ्यांनी तपासायची. मी एकदा तपासली नव्हती आणि अख्खा अंक चुकीचा छापून आला. तेव्हापासून फाइल नेण्याआधी सगळे ब्रेक शोधून यादी करतो.

कोरा_कागद

सगळे ब्रेक शोधायचे कसे? माझ्याकडे नक्की किती आहेत मलाच माहीत नाही.

टंकाळा

कंट्रोल+एच, मग 'मोअर', मग 'स्पेशल', त्या यादीत 'कॉलम ब्रेक' असतो, तो निवडा. मग फाइंड नेक्स्ट करत एकेक बघत जा. घाई करून 'रिप्लेस ऑल' ला हात लावू नका, सगळे उडतील आणि पानं कोसळतील.

कोरा_कागद

अकरा निघाले!! मला वाटत होतं पाच. दोन ठिकाणी तर लागोपाठ दोन आहेत, बहुतेक पट्टा जावा म्हणून मीच रागात परत परत दाबलं असणार. आता पान २ ची पहिली सूचना समास यांच्या पद्धतीने केली, शेवटच्या भागाला कंटिन्युअस दिला, उरलेल्या दोन ठिकाणी टंकाळाताईंची बारीक ओळ. पट्टे गेले.

पण एक खोड अजून आहे. सूचनेची चौकट दोन्ही बाजूंनी कॉलमच्या थोडी बाहेर येते. साधा मजकूर आणि चौकट यांच्या कडा जुळत नाहीत. आणि माथा अजूनही शेजारच्या कॉलमपेक्षा किंचित खाली आहे, १ पॉइंटपेक्षा नक्कीच जास्त.

टंकाळा

चौकटीला बॉर्डर पण दिलीय का?

कोरा_कागद

हो, शेडिंगच्याच रंगाची. कुठेतरी वाचलं होतं की त्याने अक्षरांच्या भोवती श्वास घ्यायला जागा मिळते.

टंकाळा

मिळते, युक्ती चांगलीच आहे, मी पण वापरते. पण बॉर्डर असली की रंग बॉर्डरपर्यंत पसरतो आणि बॉर्डर मजकुराच्या बाहेर असते. न बदललेलं अंतर डावी-उजवीकडे ४ पॉइंट, वर-खाली १ पॉइंट. कॉलमच्या कडेला मजकूर आहे म्हणजे रंग ४ पॉइंट बाहेर जाणारच, वर बॉर्डरची स्वतःची जाडी. म्हणून पॅराला डावा-उजवा इंडेंट तेवढाच द्या, ४ पॉइंट अधिक बॉर्डरची जाडी. बॉर्डर १ पॉइंटची असेल तर ५. इंडेंटच्या खान्यात सेंटिमीटर दिसत असले तरी आकड्यापुढे पीटी लिहिलंत तर ते घेतं. मगाशी काका म्हणाले तसं, चौकटीतल्या सगळ्या पॅरांना सारखंच द्या, नाहीतर फटी पडतील.

माथ्याचं काका सांगतील.

खिळेजुळारी

सूचनेच्या पॅराला स्पेस बिफोर किती आहे बघा.

कोरा_कागद

६ पॉइंट.

खिळेजुळारी

तेच. मजकूर वाहत वाहत आपोआप नव्या पानावर गेला तर वर्ड ती वरची जागा गिळून टाकतं. पण ब्रेक हाताने टाकला असेल तर जागा शाबूत ठेवतं, त्याला वाटतं माणसाने मुद्दाम केलंय. जुन्या मोडमधल्या फाइलींना ऑप्शन्समध्ये अॅडव्हान्स्डच्या तळाशी, हाताने टाकलेल्या पान-कॉलम ब्रेकनंतरची स्पेस बिफोर दाबून टाका, असा अर्थ असलेली एक टिक असते. पण त्याच्या नादी लागू नका, टिक अख्ख्या फाइलीला लागते. तुमच्या दोन सूचनांच्या पहिल्या पॅराला स्पेस बिफोर शून्य करा, संपलं.

समास

किंवा ब्रेक न वापरता...

टंकाळा

समास, पुरे.

नवा_सदस्य_७

मी तर शेडिंग देतच नाही, हायलाइटरने रंगवतो. मला कधी पट्टा आला नाही.

खिळेजुळारी

येणार नाही, कारण हायलाइट अक्षरांना लागतो, पॅराला नाही. शेडिंगच्या डायलॉगमध्येही 'अप्लाय टू' ला टेक्स्ट निवडलंत तर तसंच होतं, अक्षरामागे रंग. मग पट्टा जातो खरा, पण ओळ जिथे संपते तिथेच रंग संपतो आणि उजवी कड उंदराने कुरतडल्यासारखी दिसते. एखाद-दोन शब्दांना ठीक, चौकटीला नाही. चौकट छोटीच असेल आणि मधे तुटायला नको असेल तर त्यापेक्षा एका खान्याचं टेबल बरं, सेलला रंग द्या आणि टेबलच्या प्रॉपर्टीजमध्ये रो तुटू देण्याची टिक काढून टाका.

कोरा_कागद

झालं!! माथे जुळले, कडा जुळल्या, पट्टे नाहीत, झाकणं पण सगळी शोधून काढून टाकली (सहा होती). सगळ्यांचे मनापासून आभार. छापून समोर ठेवलंय, फोटो टाकतोय.

अर्धविराम

मस्त दिसतंय. पण पान ४ वर उजव्या कॉलमच्या तळाशी एक करडा पट्टा अजून आहे की.

कोरा_कागद

तो मुद्दाम दिलाय हो, त्यात पुढच्या अंकाची तारीख लिहायचीय.

उगाचच

झाकून टाका, कोणालाच खरं वाटणार नाही.